दाजी आणि अडकलेला हातब्रेक

गेल्या महिन्यात सकाळी सकाळी माझ्या भाचीचा, सुमनचा फोन आला. हळूच म्हणाली, "मावशी, बाबा गेले." आणि मी विचारलं, "कुठे गेले?"... असं विचारतं का कुणी! पण दाजी आयुष्यात कधी घरी सापडलेच नाहीत. कधीही जा, "मुरबाडला गेले", "शहापूरला गेले", "येतीलच टोकावड्याहून" हेच उत्तर मिळायचं. माझ्या तोंडून सवयीने तेच निघालं. मग मला उमगलं, आणि मी तिथेच जमिनीवर बसून धाय मोकलून रडले.

दाजी म्हणजे बाळाराम, माझ्या थोरल्या बहिणीचे, अनसूयाताईचे यजमान. मुरबाडकडच्या वैशाखरे गावचे. भात आणि नाचणी पिकवणाऱ्या घरात जन्मले, पण जीव सगळा चाकात. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधी त्यांनी कल्याणच्या एका वकिलाची जुनी मोटार घेतली आणि ती भाड्याने चालवायला लागले. मी मेहुणी, त्यामुळे चेष्टा करायचा हक्क माझा, आणि तो मी पुरेपूर बजावला. गेल्या गेल्या विचारायचे, "काय दाजी, थोरली बायको कशी आहे?" थोरली म्हणजे मोटार. ते गंभीर तोंड करून म्हणायचे, "बरी हाय. ही उलटून बोलत नाय." आतून ताईचा आवाज यायचा, "ऐकू येतंय मला!" मग सगळं घर हसायचं.

त्यांचं घर उतारावर. सुरुवातीला मोटार उभी केली की ते चाकाखाली दगड लावत. एकदा भर आषाढात तो दगड चिखलात घसरला, मोटार उतारावरून गेली ती थेट शेजाऱ्याच्या गोठ्यात, आणि त्याच्या बैलाचा पाय मोडला. शेजारी भला माणूस, त्याने भरपाई मागितली नाही. पण दाजींनी आपले बैल नेऊन त्याचं शेत आधी नांगरून दिलं, त्याची लावणी उरकली, मग आपल्या शेतात उतरले. तेव्हापासून दगडावरचा त्यांचा विश्वास कायमचा उडाला. मोटार थांबली की हातब्रेक करकचून ओढल्याशिवाय खाली उतरायचे नाहीत. "बैल सोडून जातं का कोन? बांधूनच जातंय ना?" असं म्हणायचे. सपाट जागीसुद्धा ओढायचे! मी हसायचे, पण त्यांना माझ्या हसण्याचं काही नव्हतं.

मग लढाई आली. पेट्रोल कुपनावर गेलं, रॉकेल मिळेना, मोटारीला लावायचं ग्रीस तर दिसेनासंच झालं. त्या पौषात ताईला दिवस भरत आले म्हणून मी कसाऱ्याहून तिच्या मदतीला गेले होते. ताईची आधीची दोन्ही बाळंतपणं घरीच झाली होती आणि दोन्ही बाळं हाती लागली नव्हती. शहापूरला एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ताईला तपासून बजावलं होतं, या खेपेला मूल आडवं आहे, पहिली कळ आली की इकडे घेऊन या, थांबू नका. दाजींनी भाडी घेणं बंद केलं आणि मोटार दारात बांधून ठेवली. आणि नेमका तेव्हाच हातब्रेक अडकायला लागला! सकाळी ब्रेकचा दांडा सोडला तरी मागची दोन्ही चाकं जागची हलायची नाहीत. ऊन चढलं की आपोआप सुटायची. दाजी मोटार घेऊन शहापूरच्या मिस्त्रीकडे जात, तोवर दुपार व्हायची, आणि दुपारी ती अशी शहाण्यासारखी वागायची की मिस्त्री म्हणायचा, "बाळाराम, काय नाय झालंय हिला. तुमीच जरा निजत चला." दाजींनी मागची चाकं उघडली, आतला गंज घासला, दव पडत असेल म्हणून रात्री गोणपाटं बांधली. सकाळी पुन्हा तेच. ताईच्या सासूबाईंनी लिंबू-मिरची बांधली. दाजींनी तीही मुकाट्याने राहू दिली. यावरून समजा, माणूस किती टेकीला आला होता.

"मग हातब्रेक ओढूच नका ना काही दिवस," मी म्हटलं. दाजी म्हणाले, "नि ती उतारावरून गेली तर? आता तुझ्या ताईला न्यायला दुसरी मोटार कुठून आनू गो?" खरंच होतं ते. आसपासच्या गावांत दुसरी मोटारच नव्हती. बैलगाडीने शहापूर गाठायचं म्हणजे... नकोच ते.

आणि व्हायचं तेच झालं. एका सकाळी, झुंजुमुंजू होत असताना ताईला कळ आली. थंडी तर अशी की तोंडातून वाफ निघत होती. दाजी धावत मोटारीकडे गेले, इंजिन चालू केलं, दांडा सोडला... चाकं घट्ट. शेजारीपाजारी जमले, "हां रे, जोर लावा रे!" करून ढकलायला लागले. मोटार पुढून हलायची, मागून जमिनीला चिकटलेली. आत ताई माझा हात दाबून म्हणाली, "पाठीला तेल लाव गो." आमच्याकडे कंबर धरली, पाठ धरली की मोहाच्या बियांचं तेल चोळतात. मी बाटली उलटी केली तर थेंब पडेना. तेल लोण्यासारखं गोठलं होतं. मी कातावून ओरडले, "हे मेलं तेल पण आजच गोठायचं होतं!" आणि बाटली चुलीजवळ धरली.

दाजी हातोडी घ्यायला आत आले होते. ते तिथेच थांबले. बाटलीकडे बघत राहिले. मला वाटलं, घाबरून माणसाचं डोकं फिरलं. आणि एकदम कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे देवा, मीच घातलंय ते!" उन्हाळ्यात ग्रीस मिळेना तेव्हा त्यांनी हातब्रेकच्या तारेला हेच तेल पाजलं होतं. बैलगाडीच्या आसाला चालतं, मग मोटारीला का नाही, असा हिशेब. ती तार एका लोखंडी नळीतून मागच्या चाकांपर्यंत जाते. पौषातल्या थंडीत तेल नळीतच गोठायचं आणि तार जागच्या जागी धरून ठेवायचं, म्हणजे दांडा सोडला तरी ब्रेक आवळलेलाच. त्यांनी न्हाणीतला कढत पाण्याचा हंडा उचलला, मोटारीखाली आडवे शिरले आणि नळीवर पाणी ओतत सुटले. हात पोळले, त्याचं भान नाही. खाटकन आवाज झाला, ढकलणाऱ्यांच्या जोराने मोटार पुढे सरकली, आणि दाजी खालून ओरडले, "अरे थांबा, मी खाली हाय!" त्या घटकेलासुद्धा ताईला हसू आलं. कळा देत देत हसली ती!

मुरबाड गेलं, काळू नदी गेली, मी ताईचं डोकं मांडीवर घेऊन जीव मुठीत धरून बसले होते. शहापुरात दवाखान्यासमोर रस्ता चढाचा. ताईला आत नेलं आणि डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन सांगितलं, "मोटार तयार ठेवा. मला जमलं नाही तर लगेच कल्याणला न्यावं लागेल." बस्स. दाजी मोटारीत जाऊन बसले ते उठलेच नाहीत. तारेत तेल अजून होतंच, ऊन चढलं तरी त्यांना आता तिचा भरवसा नव्हता, हातब्रेक ओढला आणि पुन्हा धरून बसला तर? आणि दगड ते लावणार नव्हते. म्हणून त्यांनी पायब्रेकवर पाय दाबला आणि तसेच बसून राहिले. मी चहा घेऊन गेले तर नको म्हणाले. म्हटलं, "दाजी, आत या, तिला धीर तरी द्या." तर म्हणाले, "माझा धीर इथं लागतोय." ऊन कलायला लागलं तेव्हा आतून रडणं ऐकू आलं. मी पळत गेले, "दाजी, मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत, चला!" त्यांनी डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि म्हणतात कसे, "उतरता येत नाय गो. पाय कुठं हाय तेच कळत नाय." शेवटी डॉक्टरीणबाईच बाळाला गुंडाळून रस्त्यावर आल्या आणि मोटारीच्या दारातून त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाई म्हणाल्या, "हातब्रेक ओढा, आणि आता काढा पाय. आली तुमची लेक." तीच ही सुमन.

पुढे मुरबाडच्या मोटार अड्ड्यावर त्यांनी ही गोष्ट दिसेल त्याला सांगितली. "हातब्रेकच्या तारेला मोहाचं तेल घालू नका रे. मी घातलं नि बायकोचा जीव टांगला." शहापूरच्या मिस्त्रीलाही मुद्दाम जाऊन सांगितलं. आपली चूक अशी चारचौघांत, हसत, दुसऱ्याच्या कामी यावी म्हणून सांगणारा पुरुष मी तरी दुसरा पाहिला नाही. आमच्या घरात तर नाहीच नाही!

शेवटच्या आजारात ते कुणाला ओळखत नव्हते. पण ताईच्या लक्षात आलं, उजवा पाय पलंगाच्या पायथ्याच्या फळीला दाबून धरलाय. सरळ करावा तर पुन्हा तिथेच. रात्रंदिवस तसाच. पोटरी दगडासारखी कडक झाली होती, डॉक्टरांना काही कळेना. ताई म्हणाली, "गाडी धरून बसलाय माणूस." सुमन पुण्याहून आली, पायथ्याशी बसली, त्यांच्या पावलावर हात ठेवून म्हणाली, "बाबा, मी आले. आता पाय काढा."

त्यांनी काढला. सकाळ व्हायच्या आत ते गेले... पलंग अजून तिथेच आहे. ताई दिवसभर त्याच्या पायथ्याशी बसून असते आणि आम्ही कुणी तिला तिथून उठवत नाही.