पाटीवरचे हजार वॅट

आमचे दाजी मोटरी भरायचे. जळालेली मोटर उघडायची, काळी पडलेली तार उपटून नवी गुंडाळायची, यातच त्यांचा जन्म गेला. मोटरीवरच्या पत्र्याच्या पाटीवर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. "गिऱ्हाईक खोटं बोलेल, बायको बोलेल, पाटी नाही बोलत," म्हणायचे. त्यावर ताई आतून, "बायकोचं काय काढलंत?" म्हणून ओरडायची. तेवढ्यानंही तिला धाप लागायची.

माझ्या या थोरल्या बहिणीची फुप्फुसं निकामी होत चालली होती. हवेतला ऑक्सिजन गोळा करून देणारं यंत्र दिवसरात्र तिच्या नाकाला. वीज गेली की ते बंद, आणि आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. म्हणून दाजींनी गच्चीवर पवनचक्की बसवली. पाटीवर हजार वॅट. यंत्राला लागायचे तीन-साडेतीनशे. "उरेल त्यात तुझं घर चालव," मला म्हणाले.

विकणाऱ्यानं, त्याचं भलं होवो, खरं ते सांगितलं होतं. हजार वॅट सोसाट्याच्या वाऱ्यात. वारा निम्मा झाला की वीज निम्मी नाही, आठवा हिस्सा. डोंगरावरच्या उंचच उंच चक्क्या शेकडो घरं पोसतात. गल्लीतल्या गच्चीवर, इमारतींच्या आडोशाला, सरासरी एखादा पंखा चालला तरी खूप. पण पालथ्या घड्यावर पाणी! मोटर पाटीवर लिहिलंय तेवढी वीज खाते, मग ही तेवढी देणारच, हे दाजींचं गणित. वर अडीअडचणीला ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडरही त्यांनी परत देऊन टाकला. मी भांडलो, नाही नाही ते बोललो. माझं कोण ऐकतो?

उन्हाळ्यात एका दुपारी लाईन तुटली. झाडाचं पान हलत नव्हतं. चक्कीच्या विजेवर अर्धवट भरलेल्या बॅटऱ्या बघता बघता बसल्या, यंत्र कुईकुई करून गप्प झालं. अँब्युलन्सवाला फोनवर नुसता "येतोय, येतोय" करत राहिला. दाजी गच्चीवर पळाले. मी ताईला टेकवून बसवलं, पुठ्ठ्यानं वारा घालत राहिलो. माझ्या हातातच ती गेली.

वर गेलो, तर दाजी शिडीवर उभे राहून चक्कीची पाती हातानं फिरवत होते. तळहात सोलवटले होते.

"चाललं का रे यंत्र?" त्यांनी विचारलं. "थोडं तरी चाललं असेल ना?"

 शिडी हलत होती. मी ती धरून उभा राहिलो.