वाहता नळ आणि बोटीचं इंजिन

चालत्या इंजिनाचं पाणी तोडणारी शहाणी मीच. काल मिक्सरचं रबर जळालं आणि त्या वासाबरोबर पुण्यातली आमची पत्र्याची शेड आठवली. नवऱ्याने नोकरी सोडून बोटींची इंजिनं दुरुस्त करायला घेतली होती. ही पहिलीच बोट, दुसऱ्या दिवशी सकाळी धरणावर पोचवायची होती. इंजिन बोटीच्या पोटात, पाण्यात फिरणारा पंखा बसवलेला दांडा, ज्याला पाय म्हणतात, तो मागे बाहेर. जमिनीवर चालवून बघताना ते तापू नये म्हणून त्या पायाला नळाची नळी जोडली होती आणि पाणी भळाभळा वाहून जात होतं. आमच्याकडे पाणी यायचं दिवसाआड, तेही थोडंच. मला बघवेना. जेवणाचा डबा ठेवला आणि गुपचूप नळ बंद केला, वर स्वतःवर खूषही झाले. थोड्याच वेळात रबर जळल्याचा उग्र वास सुटला. पायातल्या, इंजिनाला पाणी ओढून देणाऱ्या पंपाच्या रबरी चक्राच्या कोरडं फिरून चिंध्या झाल्या होत्या. नवऱ्याने इंजिन बंद केलं. त्याने पाय खोलला, अडकलेले तुकडे वेचले, जवळचं एकुलतं नवं चक्र बसवलं. मी पाने देत राहिले. वाहता नळ मला आजही बघवत नाही, पण बंद करण्याआधी पलीकडे काय जोडलंय ते बघते. त्या दिवशी पुन्हा नळी लावून नवरा एवढंच म्हणाला, "आता तूच नळापाशी उभी राहा. चोराच्याच हाती किल्ल्या दिल्या की चोरीची भीती नाही."