खो-खोच्या हंगामातलं दुखणं

प्रमोदिनी वैरागडे मौद्याच्या सरकारी दवाखान्यात हेल्थ व्हिजिटर होती. गावोगावचे लोक तिला नर्सबाई म्हणत. शहरात नंदनवन वस्तीतल्या आपल्या दोन खोल्यांतून ती सकाळीच निघायची, भंडाऱ्याकडे जाणारी एसटी धरायची, मौद्याला उतरायची आणि तिथून मिळेल त्या बैलबंडीने नाहीतर पायी अरोली, चाचेर, कोदामेंढी करत फिरायची. घरी परतेपर्यंत दिवेलागण होऊन गेलेली असे. कामाचा तिला कंटाळा नव्हता. उलट सुट्टीच्या दिवशी ती घरात जरा अवघडल्यासारखी वावरायची, कारण घर तिच्यावाचून चालायला शिकलं होतं.

घर चालवायच्या इंदुताई, तिची विधवा थोरली नणंद. नवरा गिरिधर शहराच्या टोकाच्या वाडी भागातल्या एका ऑइल इंजिनच्या कंपनीत मेकॅनिक होता. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले की शेतकऱ्यांची इंजिनं एकामागून एक बंद पडू लागत. मग दिवाळीपासून होळीपर्यंत गिरिधरचा मुक्काम वणी, आर्णी, पांढरकवडा असा हलत राही. पंधरा दिवसांतून एखादा रविवार तो घरी यायचा, आणि तोही बहुतेक झोपण्यात जायचा.

त्यांची एकुलती एक मुलगी चारुशीला. १९७४ साली ती आठवीत होती आणि खो-खो खेळायची. खेळायची म्हणजे त्या हिवाळ्यात तिला दुसरं काही सुचत नव्हतं. सडसडीत, लांब पायांची पोर. पाठलाग करणारीचा हात पाठीला लागणार, इतक्यात ती खाली वाकून सुटायची. शाळेचे खेळाचे मास्तर श्रीधर सर तिला पहाटे मैदानावर बोलवायचे, शाळा सुटल्यावर पुन्हा ठेवून घ्यायचे. डिसेंबरात यवतमाळला सामने होते आणि तिथून विदर्भाचा संघ निवडला जाणार होता.

त्याच हिवाळ्यात प्रमोदिनीचंही काम वाढलं. देवीचा रोग देशातून जाण्याच्या बेतात होता. एकही रोगी नजरेतून सुटू नये म्हणून घरोघर फिरून विचारायचे हुकूम निघाले होते. देवी आलेल्या मुलाचं चित्र हातात धरून ती दारोदार उभी राहायची आणि विचारायची, "घरात तापाचं कोणी आहे का? अंगावर काही उठलं का?" शोधाच्या आठवड्यात तर रविवारही मिळत नसे. कधी कधी ती मौद्यालाच एका सिस्टरच्या खोलीवर राहून जायची.

दिवाळीनंतर चारूचा घसा धरला. थुंकी गिळवेना, अंगात ताप. इंदुताईंनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करवल्या, हळद घालून दूध दिलं. तीन-चार दिवसांत ताप उतरला आणि पोर मैदानावर पळाली. प्रमोदिनी तेव्हा मौद्याला होती. ती आल्यावर एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं, असं इंदुताईंना वाटलं.

डिसेंबर लागला तसा चारूचा घोटा सुजला. श्रीधर सरांनी पट्टी बांधून तिला दोन दिवस बसवलं. सूज गेली. खेळणाऱ्या पोरीचा घोटा मुरगळायचाच, म्हणून त्यांनी घरी निरोप दिला नाही.

मग गुडघा धरला. तो मात्र प्रमोदिनीने पाहिला. रविवार होता, ती भाजी चिरत होती आणि चारू भिंत धरून न्हाणीकडे चालली होती.

"काय झालं वं पायाले?"

"खुंटावर पडली काल."

प्रमोदिनीने हात पुसून गुडघ्याला लावला. गुडघा लाल होता आणि गरम लागत होता. "पडली म्हणतेस, तर खरचटलं कसं नाही?"

"माती होती तिथं. आई, बुधवारी यवतमाळले जाचं आहे. सरांना नको सांगू."

प्रमोदिनीने तिला ॲस्पिरिनच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा असा हलका झाला की चारू खोलीतच दोन उठाबशा काढून दाखवू लागली. प्रमोदिनीला बरं वाटलं. तिची बस सुटत होती.

यवतमाळच्या सामन्याला गिरिधर पोचला. पांढरकवड्याहून एका गिऱ्हाइकाच्या जीपमधून तो आला होता, हातांना इंजिनचं काळं तेल तसंच. पोरीचा खेळ त्याने आजवर पाहिलाच नव्हता. चारू अखेरपर्यंत कोणाच्या हाती लागली नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तो म्हणाला, "ती माझी मुलगी होय."

खेळ संपल्यावर बाकीच्या पोरी पाणी प्यायला धावल्या. चारू मात्र मैदानाच्या कडेला भिंतीशी बसून राहिली. तोंड उघडं, ओठ पांढरेफटक. गिरिधर जवळ गेला.

"काय होऊन राहिलं चारू?"

"दम लागला, बाबा. बाकी काही नाही."

तो तिच्याजवळ थोडा वेळ बसला. पण जीपवाला घाई करत होता, त्याचं गव्हाचं शेत पाण्यावाचून वाळत होतं. एवढं धावल्यावर दम लागणारच, असं मनाशी म्हणत गिरिधर निघून गेला. विदर्भाच्या संघात चारूची निवड झाल्याचं त्याला आठवड्याने कळलं.

जानेवारीत एका सकाळी प्रमोदिनी डबा भरत असताना इंदुताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मी म्हणतो, आज नको जाऊ तू."

"काहून?"

"पोरगी आडवी होत नाही दोन रात्रीपासून. भिंतीले टेकून बसून राहते. आडवं झालं की जीव घाबरते म्हणते."

प्रमोदिनीने डबा खाली ठेवला. चारू पलंगावर उशीला टेकून बसली होती. आईला पाहून हसली. प्रमोदिनीने तिचं मनगट हातात घेतलं. नाडी मोजायला तिने घड्याळाकडे पाहिलंच नाही, ती किती पळत होती ते बोटांना कळत होतं. मग तिने पायांवर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला.

रिक्षा करून त्यांनी तिला मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात नेलं. तार मिळाल्यावर गिरिधर तिसऱ्या दिवशी आला. श्रीधर सरही आले होते. वॉर्डातले डॉक्टर वयाने तरुण होते आणि आवाज न चढवता बोलत. त्यांनी खाटेशी उभं राहून विचारायला सुरुवात केली.

"दोन-तीन महिन्यांत हिचा घसा दुखला होता का?"

"नाही," प्रमोदिनी म्हणाली.

"दुखला होता," इंदुताई म्हणाल्या. "दिवाळीच्या मागं. ताप पण होता."

"सांधे सुजले होते?"

"गुडघा," प्रमोदिनी म्हणाली. "एकच."

श्रीधर सर घसा खाकरून म्हणाले, "त्याआधी घोटा सुजला होता. मला वाटलं मुरगळला."

"दम?"

मग गिरिधर खाली पाहत म्हणाला, "यवतमाळले. बसून राहिली होती. ओठ पांढरे झाले होते."

डॉक्टरांनी चारूला विचारलं, "तू का सांगितलं नाहीस?"

"सरांनी बसवलं असतं," चारू म्हणाली.

घशाच्या दुखण्यातून सांधेताप झाला होता आणि त्याने हृदयाची झडप खराब केली होती. प्रमोदिनी हे प्रशिक्षणात शिकली होती. घसा, मग या सांध्यातून त्या सांध्यात फिरणारी सूज, ॲस्पिरिनने लगेच पडणारा उतार. सारं तिला पाठ होतं. फक्त ते चार माणसांकडे वाटलेलं होतं, आणि ती चार माणसं त्या हिवाळ्यात एका जागी बसली नव्हती.

बाहेर व्हरांड्यात गिरिधर तिला म्हणाला, "तू नर्स आहेस. तुले समजाले पाहिजे होतं."

"आन तुमी डोळ्यानं पाह्यलं ना तिले?"

एवढंच. यानंतर दोघांनी हा विषय पुन्हा काढला नाही, आणि हळूहळू बाकीचेही विषय निघेनासे झाले.

चारू पावसाळ्यापर्यंत खाटेवर होती. पुढे ती हिंडू-फिरू लागली, पण सावकाश. विदर्भाच्या संघात तिच्या जागी दुसरी मुलगी गेली. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन द्यायचं होतं. ते प्रमोदिनीच द्यायची. स्टोव्हवर सिरिंज उकळून घ्यायची, चारूला पालथं झोपवायची.

"गावातल्या पोराईले टोचतेस तेव्हा पण तुझा हात असाच थरथरते का?" एकदा चारूने विचारलं.

"नाही."

"मग मलेच काहून?"

प्रमोदिनीने सुई टोचली आणि जागा चोळत राहिली, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

गिरिधरने फिरतीची नोकरी सोडली आणि वाडीतच एका वर्कशॉपमध्ये लागला. संध्याकाळी तो घरी असायचा. चारूजवळ बसायचा, तिला मोसंबी सोलून द्यायचा. ती मॅट्रिक झाली. कॉलेजात नाव घातलं, पण जिने चढवेनात म्हणून ते सुटलं. मुंबईला शस्त्रक्रिया होते असं डॉक्टर म्हणाले, तिची तारीखही ठरली. त्याआधीच, १९७८च्या नोव्हेंबरात, थंडी नुकती पडू लागली असताना तिला पुन्हा ताप आला आणि आठ दिवसांत मेडिकलमध्येच ती वारली. सतरा वर्षांची होती. शेवटच्या दुपारी आई, बाबा आणि आत्या, तिघंही तिच्याजवळ होते.

प्रमोदिनी महिनाभराने कामावर गेली. मौद्याच्या लोकांनी काही विचारलं नाही, फक्त चाचेरच्या एका म्हातारीने तिला ओट्यावर बसवून पाणी दिलं. त्यानंतर आठ वर्षं तिने तीच गावं केली. रजा फारशी घेतली नाही. चारूचे कपडे तिने एका खेडेगावात वाटून टाकले. गिरिधरला ते नंतर कळलं, आणि तो दोन दिवस जेवला नाही.

इंदुताईंचं मात्र बोलणं थांबेना. कोणीही भेटायला आलं की त्या सुरू करायच्या, "घसा दुखला तेव्हाच मी सांगाले पाहिजे होतं. मी सांगतलं नाही." शेजारच्या शोभाताईंनी ते कितीदा तरी ऐकलं होतं. एका संध्याकाळी शोभाताई येऊन बसल्या, चहा झाला आणि इंदुताईंनी पुन्हा तेच सुरू केलं. गिरिधर उठून बाहेर जायला निघाला.

"तुमी बसा," प्रमोदिनी त्याला म्हणाली. मग तिने इंदुताईंच्या हातातली कपबशी घेऊन खाली ठेवली.

"ताई, तुमी एकट्या नव्हत्या," ती म्हणाली. "आमी सगळेच होतो."

इंदुताई तिच्याकडे पाहत राहिल्या. गिरिधर दारातून परत आला आणि खुर्चीवर बसला. थोड्या वेळाने शोभाताई येते म्हणून उठल्या, आणि प्रमोदिनी कपबश्या घेऊन आत गेली.