गुणमालाक्का आन माशीची लेकरं

गौरी-गणपती बोळवले आन माझ्या घरात उंदीर मेला. म्हंजी मला आपलं तसं वाटलं. कणगी सरकवली, माळा झाडला, आमच्या ह्यांची मिलट्रीची पत्र्याची पेटीबी उपसली. काय घावंना. वास मातर असला, की च्या घशाखाली उतरंना. शेवटी वासाच्या मागं मागं निघाले, तर थेट शेजारच्या गुणमालाक्कांच्या कट्ट्यावर!

आक्का जैन. त्यांचं भादव्यातलं धा दिवसांचं पर्व चालू व्हतं. एक येळचं जेवन, पांढरं लुगडं, हातात जपमाळ. आन पुढ्यातल्या कुंडीत ताटलीएवढं फूल. पाच पाकळ्या, पिवळट रंग, वर तांबड्या रेघा, अंगावर केस. माश्या नुसत्या घोंघावत व्हत्या.

"राहीबाई, उमललं बगा!" म्हनल्या आन हसल्या. त्यांचे मालक वर्धमानअण्णा जाऊन वरीस झालं, तवापासनं ही बाई हसलेली मी बघितली न्हवती.

अण्णा डाळिंबाच्या यापाराला आटपाडीला जायचे. तिथल्या कुना बागवाल्यानं बोटाएवढं कांडं दिलं, ते खिशात घालून आनलं. बिनकाट्याचं निवडुंग. लय मोठं फूल येतंय, एवढंच बायकूला सांगितलं. वरसामागनं वरसं गेली, कळी न्हाई. फूल बघायच्या आत मानूस गेला. आता अशा फुलाला नावं कोन ठेवंल? मी ठेवली. माझं तोंडच तसलं हाय.

"आवं आक्का, हे काय फूल हाय? मढं हाय मढं!"

"असू दे की. दोन-तीन दिस टिकतंय म्हनं. तेवढं बसू दे मला त्याच्यापाशी."

घरी आले आन नाकाला पदर लावून भाकरी थापल्या.

ही बाईच येगळी. पानी गाळून पितात ते ठीक, पन फडक्यात अडकल्याला जीव हिरीत सोडायला स्वता जातात. मी झुरळावर चप्पल उचलली, की भिंतीपलीकडनं ह्यांना कसं कळतं देव जाने! "थांबा, थांबा" करत सुपली घेऊन पळत येतात आन झुरळाला पार शेतात पोचवतात. मी म्हनते, "दुपारच्याला परत येतंय बगा चालत." तर म्हनतात, "येऊ दे, त्येचंबी घर हाय." असल्या मानसावर रागवायचं कसं? उलट त्यांचं पर्व सुटंस्तवर आमच्या चुलीवर मटण चढत न्हाई. कुनी सांगितलं न्हाई, आमीच पाळतो. आमचे हे तेवढे धा दिवस तोंड पाडून वांगं खातात.

दुसऱ्या दिवशी वास वाढला. मी ह्यांच्या मागं लागले, "मोबाईलमदी बगा की, हा वास कशानं जातो." आमचे नाथाजी पेन्शनीवरचे हवालदार, चार गोष्टी सांगायची लय हौस. कुंपनावरनंच सुरू झाले, "वैनी, हे फूल लय चालू हाय! माशीला वाटतंय, मेलेलं जनावर हाय. ती येऊन अंडी घालती. अळ्या निघतात, खायला काय न्हाई. जातात उपाशी मरून!" आन खदाखदा हसले.

आक्का हसल्या न्हाईत. फुलावर वाकल्या. मधोमध तांदळाच्या कनीवानी पांढरी अंडी चिकटलेली. काही वळवळाय लागली व्हती.

"आईनं इश्वासानं लेकरं ठेवली, राहीबाई. आन माझ्या दारात उपाशी मरनार. तीबी पर्वात."

"आवं, माश्या त्या! मरू देत."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी उठून घरात भांडी घासाय गेले.

जरा येळानं माझ्या दारात आल्या. उंबऱ्याबाहेरच उभ्या, तोंड लालेलाल. "राहीबाई, तुमच्याकडं... मटण हाय का हो?"

इतक्या वरसांत तो शबुद त्या तोंडातनं मी कवा ऐकला न्हवता! मी म्हनले, "तुमच्या पर्वात कुठलं? थांबा, ह्यास्नी पाठवते आनाय."

"नको, नको! माझ्यापायी बकरं कापल्यागत व्हईल. आपसूक मेलेलं काय असंल तर बगा."

पानंदीच्या वाटंवर ट्रॅक्टरखाली धामण आलेली मी सकाळीच बघितली व्हती. तसं सांगितलं. "पन आक्का, अंडी पिसानं काढून घ्या. फूल राहू द्या."

"चिरडतील. लय बारीक जीव हाय."

पर्वात ही बाई हिरवी काडी तोडत न्हाई. देठाला हात लावला, काढला, परत लावला. मी तोंड फिरवलं. कट्कन आवाज आला तवाच बघितलं.

दोनी हातांच्या वंजळीत फूल धरून त्या पुढं, माश्या मागं, मी त्यांच्या मागं. धामण फुगली व्हती. आक्कांनी फूल अलगद तिच्यावर पालथं घातलं, हात जोडले, णमोकार मंतर म्हनला. आन म्हनल्या, "खावा, बाळानो."

"चला आता," मी म्हनले. त्या उठंनात. तिथंच बांधावर बसल्या.

"एकच दिस बघितलं हो मी. त्यांचं फूल एकच दिस बघितलं."

आन गळा काढून रडाय लागल्या. अण्णांना नेलं तवाबी ही बाई तोंडात पदर कोंबून रडली व्हती, आवाज म्हनून आला न्हवता. एक जन गाडी थांबवून बघाय लागला. "बघतोस काय रं? हो म्होरं!" म्हनून मी त्याला हाकलला. वास तर असा, की नाकावरचा पदर काढवंना. मी त्यांच्याजवळ बांधावर बसले आन त्यांचं रडून व्हईस्तवर उठले न्हाई.