आण इकडे

माझ्या भाऊजींना कारखान्यात सगळे तोंडावर 'मालक' म्हणतात आणि पाठ फिरली की 'आण इकडे'. हे नाव कुणी ठेवलं ते कुणी कबूल करत नाही, पण ठेवणाऱ्याला शंभरपैकी शंभर द्यायला हवेत. कुणी बोल्ट आवळत असो, कुणी खोक्याला पट्टी मारत असो, कुणी नुसती फरशी पुसत असो. भाऊजी जाता जाता थांबतात, दोन क्षण बघतात, त्यांचा जीव खालीवर होतो आणि हात पुढे येतो. "आण इकडे." मग ते काम स्वतः करून दाखवतात, अगदी छान करून दाखवतात, आणि पुढे जातात. ज्याचं काम होतं तो रिकाम्या हातांनी उभा राहतो. फरशीसुद्धा त्यांनी पुसली की जास्त चमकते, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं.

आमचा कारखाना बिजागऱ्यांचा. अकरा माणसं, तीन प्रेस, भोकं पाडायचं एक मशीन, खिडकीलगत पॅकिंगचं लांब टेबल आणि कोपऱ्यात काचेची केबिन. केबिनमध्ये भाऊजी कधी बसत नाहीत, म्हणून मी बसते. स्टोअर आणि माल पाठवणं माझ्याकडे आहे. बाहेरून येणारी माणसं मलाच मालकीणबाई समजतात आणि मीही घाईघाईने त्यांची चूक दुरुस्त करत नाही. ताईला हे ठाऊक आहे. ती म्हणते, खुशाल हो मालकीण, पण मग रात्री घोरणारा मालकही घेऊन जा.

बिजागरी दिसते साधी. पत्र्याच्या पट्टीचा तुकडा कापायचा, भोकं पाडायची, एक कड वळवून तिची नळी करायची, अशी दोन पानं एकमेकांत बसवून मधून खिळा घालायचा. सगळी मेख त्या नळीत असते. घट्ट वळली तर खिळा जात नाही, सैल वळली तर दार खुळखुळतं आणि घरमालक सुताराला शिव्या घालतो. रोज सकाळी नव्या मापाची डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, चढवली की प्रेस नव्याने लावावी लागते. मेन स्विच बंद करायचा, डाय बसवायची, बोल्ट आवळायचे, खाली पत्र्याच्या पातळ पट्ट्या सरकवून उंची जमवायची. हे काम वीस वर्षांत भाऊजींखेरीज कुणी केलं नव्हतं. निदान आमची तशी समजूत होती.

घोडं अडलं ते एका पत्रामुळे. आमचा दोन तृतीयांश माल कपाटं बनवणारी एक कंपनी घेते. तिने कळवलं की यापुढे ज्या कारखान्यातलं काम एकाच माणसावर अडून आहे त्या कारखान्याचा माल घेणार नाही. सोबत एक तक्ता होता. डावीकडे माणसांची नावं, वर कामांची, आणि ज्याला जे कुणाच्या मदतीशिवाय येतं तिथे खूण करायची. मी संध्याकाळी बसून तो इमानदारीने भरला. सगळ्या खुणा एकाच ओळीत पडल्या. बाकीच्या दहा ओळी इतक्या कोऱ्या होत्या की त्यांत किराण्याची यादी लिहिता आली असती. दोन महिन्यांनी कंपनीचा माणूस येऊन बघणार होता. तो नाही म्हणाला असता तर अकरापैकी सात जणांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगावं लागलं असतं, आणि ते सांगण्याचं काम भाऊजींनी नक्की माझ्याकडून 'आण इकडे' केलं नसतं.

तक्ता बघून भाऊजी फुशारले. म्हणाले, बघ, मी एकटा किती करतो. मी म्हटलं, भाऊजी, हा प्रगतिपुस्तकाचा कागद नाही, रोगाचा रिपोर्ट आहे. त्यांचा चेहरा पडला. मग लघुउद्योगांच्या संघटनेने मालकांसाठी तीन शनिवारांचा वर्ग ठेवला होता, त्यात मी त्यांचं नाव घातलं आणि पाठोपाठ स्वतःचंही, कारण त्यांना एकटं सोडण्याची माझी छाती नव्हती.

वर्गात वीसेक मालक होते. बेकरीवाले, रबरवाले, खुर्च्यांवाले. पहिल्या तासाला शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं की तुमच्याकडे प्रशिक्षणाची गरज कुणाला आहे. वीसच्या वीस जणांनी उत्तर दिलं, कामगारांना. बाईंनी हे फळ्यावर लिहून घेतलं आणि काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा मला फार राग आला होता, कारण माझंही उत्तर तेच होतं.

मग एक खेळ झाला. एकाने बोलून सांगायचं, दुसऱ्याने कागदाची होडी करायची, सांगणाऱ्याने कागदाला हात लावायचा नाही. भाऊजींच्या वाट्याला बेकरीवाले आले, भारदस्त आणि शांत. तिसऱ्या घडीला भाऊजींचा पाय हलायला लागला. चौथ्या घडीला त्यांनी होडी हिसकावून घेतली. होडी अर्थातच वर्गातली सगळ्यात देखणी झाली. बाई म्हणाल्या, सुंदर, पण आता यांना होडी करता येते का? बेकरीवाल्यांनी प्रामाणिकपणे मान हलवली, नाही.

घरी करायचा अभ्यास म्हणून प्रेस कशी लावायची ते लिहून आणायचं होतं. भाऊजींनी दोन रात्री जागून पानभर लिहिलं. मी ते वाचलं. 'डाय बसवून थोडं ठोकावं. मग जरासं सैल करावं. पट्टी बेताची घालावी. नळी बरी दिसेपर्यंत थांबू नये.' बाईंनी थोडं, जरासं, बेताची आणि बरी या चार शब्दांभोवती लाल गोल काढले आणि कागद परत दिला. घरी पोचल्यावर भाऊजी ताईला एवढंच म्हणाले की त्या बाईंनी आयुष्यात बिजागरी केलेली दिसत नाही.

शिकवायचं कुणाला हा प्रश्न नव्हता. कड वळवायच्या प्रेसवर अकरा वर्षं आक्का बसतात. वयाने त्या कारखान्यातल्या निम्म्या माणसांपेक्षा लहान, पण कुणाच्याही भांडणात न पडणाऱ्या, म्हणून आक्का. भाऊजींनी ठरवलं की रोज सकाळी अर्धा तास त्यांना शिकवायचं. मी केबिनमधून घड्याळ लावून बघत होते. पहिल्या दिवशी पाना आक्कांच्या हातात चार मिनिटं राहिला. दुसऱ्या दिवशी तीन. नंतर नंतर आक्का पाना उचलायच्या आणि भाऊजींनी हात पुढे करायच्या आधीच तो त्यांच्याकडे द्यायच्या. मी चिडून भाऊजींना म्हटलं की तुम्ही सात जणांच्या पोटावर पाय देताय. ते म्हणाले, "अगं, मला कळतं सगळं. हात ऐकत नाहीत."

कंपनीचा माणूस ठरल्या दिवशी आला. तरुण, नम्र, बुटांचा आवाज न करणारा. चहालासुद्धा नको म्हणाला. त्याने सांगितलं की प्रेस कुणी लावायची ते तुम्ही ठरवा, फक्त मालकांनी केबिनमध्ये बसायचं, बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. अशा रीतीने भाऊजी वीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या केबिनमध्ये, स्वतःच्या खुर्चीत बसले. मी शेजारी उभी. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते, अगदी शिक्षा झालेल्या पोरासारखे.

काचेतून सगळं दिसत होतं. आक्कांनी स्विच बंद केला, डाय चढवली, बोल्ट आवळले. इथवर ठीक होतं. भाऊजींनी आदल्या दिवशी मोजून, दोऱ्याने बांधून ठेवलेल्या तीन पट्ट्या तिथेच होत्या. आक्कांनी गाठ सोडली, दोन पट्ट्या आत सरकवल्या आणि तिसरी बाजूला टाकली.

"विसरली," भाऊजी पुटपुटले. "तिसरी विसरली. गेलं सगळं." ते अर्धे उठले. मी त्यांची बाही धरली. बाही उसवल्याचा आवाज झाला. मी म्हटलं, भाऊजी, आत्ता बाहेर गेलात तर मी उद्यापासून येणार नाही, आणि ताईला कारणही सांगेन. ते बसले. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि मला त्यांची खरोखर दया आली. आपलं सगळं आयुष्य काचेपलीकडे दुसऱ्याच्या हातात आहे आणि आपण मूग गिळून बसलोय, हे सोपं नसतं.

आक्कांनी हाताने चाक फिरवून एक नमुना काढला, मापून बघितला, एक बोल्ट पुन्हा आवळला. मग स्विच लावला. वीस पानं काढली. कंपनीच्या माणसाने त्यांतली दोन दोन उचलून खिळे घातले, बिजागऱ्या उघडल्या, मिटल्या, कानाशी नेऊन हलवल्या. विसाच्या वीस चोख होत्या. मी सुस्कारा सोडला, पण तो माणूस कागदावर काही लिहीना. त्याने आम्हाला बाहेर बोलावलं.

त्याने आक्कांना विचारलं की हे काम त्या कधीपासून करतात. आक्का म्हणाल्या, पंधरा दिवस झाले, मालक शिकवतायत. तो नम्रपणेच म्हणाला की पंधरा दिवसांचे हात असे चालत नाहीत. कागदावर एक आणि कारखान्यात दुसरंच असेल तर त्याला इथे खूण करता येणार नाही. आक्कांनी माझ्याकडे बघितलं, मग भाऊजींकडे, मग जमिनीकडे. पॅकिंगच्या टेबलावरचे हात थांबले. सगळ्यांना सगळं ठाऊक आहे आणि मला नाही, हे मला त्या क्षणी कळलं.

"दोन वर्षं," आक्का म्हणाल्या. "रोज करते. मालक सकाळी लावून जातात, ती सैल लागते. पट्टी एक जास्त पडते. ते पलीकडच्या प्रेसकडे गेले की मी बंद करून पुन्हा लावते."

"आणि सैल का लागते?" त्याने विचारलं.

आक्का हळूच म्हणाल्या, "त्यांना जवळचं नीट दिसत नाही."

दोन वर्षं या बाईंनी ताकास तूर लागू न देता भाऊजींची चूक रोज दुरुस्त केली होती. त्यांनी लावलेल्या प्रेसवरची पहिली सैल पानं भंगारात जात होती, ते भंगार मी स्वतः पाठवत होते, आणि रोज तेवढीच का असतात हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. घरी भाऊजी वर्तमानपत्र हात लांब करून वाचतात, हेही आम्ही रोज बघत होतो आणि त्यावर हसत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

कंपनीच्या माणसाने आक्कांच्या ओळीत खूण केली. माल चालू राहील, पत्र आठवड्यात येईल, असं सांगून तो ज्या पावलांनी आला त्याच न वाजणाऱ्या पावलांनी गेला. सात जणांची कामं वाचली होती, पण कुणी हसलं नाही. सगळे भाऊजींकडे बघत होते. मला वाटलं, आता ते ओरडतील. मग वाटलं, ओरडले तर बरं होईल.

ते एवढंच म्हणाले, "आक्का, मला सांगितलं का नाहीत?"

"पहिल्या महिन्यात आले होते सांगायला. तुम्ही म्हणालात, पाना आण इकडे. प्रेस पुन्हा लावलीत, पुन्हा सैल. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आत्ता वाटतंय," भाऊजी म्हणाले. "खूप वाटतंय." मग त्यांनी प्रेसजवळचं स्टूल ओढलं, त्यावर बसले आणि आळीपाळीने सगळ्यांकडे बघितलं. म्हणाले की अशी आणखी काय काय कामं माझ्यामागे दुरुस्त होतात ते मला आजच सांगा.

सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. शेवटी पॅकिंगवाल्या मावशींनी हात पुसत विचारलं, "बोलू का मालक? राग नाही ना येणार?"

"येईल," भाऊजी म्हणाले. "तुम्ही बोला."

मावशी बोलल्या. त्यांच्यानंतर भोकांच्या मशीनवाला बोलला, मग पट्टी कापणारा, मग बाकीचे, आणि सगळ्यांत शेवटी, भंगाराबद्दल, मी. जेवणाची सुट्टी कधीच उलटून गेली होती, तरी भाऊजी मान खाली घालून स्टुलावर बसून ऐकत होते.