अण्णांच्या अंगठ्यावरचा फेस

नाशिकच्या एका कॉलेजात मी जिवाणू शिकवते. काचपट्टीवर जिवाणूंचा ठिपका ठेवायचा, त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब सोडायचा. बुडबुडे आले की मुलं ओरडतात, “मॅडम, मेले!” मी दरवर्षी खेकसते, “मेले नाहीत रे शहाण्यांनो, लढताहेत.” जाळायला आलेल्या पेरॉक्साइडचं ते पाणी आणि प्राणवायू करून टाकतात. बुडबुडे त्याचेच.

पुढचा प्रयोग माझ्या आवडीचा. काही जिवाणूंना आधी सौम्य पेरॉक्साइड द्यायचं, मग सगळ्यांना जालीम. सौम्य चाखलेले तगतात, कारण तेवढ्या वेळात त्यांनी बचावाची तयारी केलेली असते.

माझे वडील, अण्णा, पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये होते. ऐन हंगामात क्रेटची ट्रॉली त्यांच्या पायाच्या अंगठ्यावरून गेली. शुगर होतीच. हंगाम संपेपर्यंत डॉक्टर नको म्हणून हटून बसले. मी पेरॉक्साइडची बाटली आणली. पहिल्याच दिवशी ते कळवळले, “लय झोंबतंय गं.” मला बघवेना. दुसऱ्या दिवसापासून मी त्यात पाणी मिसळून ते सौम्य करू लागले.

रोज संध्याकाळी कॉलेजातून आले की त्यांचा पाय घमेल्यात धरायचा आणि बाटली ओतायची. फेस बघून अण्णा खूश होत. “बघ, कसे मरतायत!” आणि मुलांवर खेकसणारी मी म्हणायची, “हो अण्णा.” त्यांचं मन राखायला नव्हे, मला खरंच तसं वाटायचं. याची मला अजून लाज वाटते.

दहा-बारा दिवसांनी ते म्हणाले, “आता झोंबत नाय.” त्या आनंदात आईने शिरा केला.

तिथली जाणच गेली होती. नाशिकला नेलं तेव्हा पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. गुडघ्याखालून काढावा लागला. फेसाचं, पाणी मिसळल्याचं सगळं सांगितलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, “जखमेतल्या रक्तानेही फेस येतो. तुमच्या पाण्याने काही बिघडलं नाही. शुगर आणि उशीर, दुसरं काही नाही.” डोक्याला ते पटतं. पण ते घमेलं मी माळ्यावर टाकलंय.

अण्णा आता ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. कुणी विचारपूस करायला आलं की मी आत निघून जाते. तरी त्यांचं बोलणं ऐकू येतंच, “पोरीनं काय कसर ठेवली नाय हो. जंतूंचीच मास्तरीण हाय ती. रोज सोताच्या हातानं धुवायची.”