कराचीला आलेलं जहाज

आमच्या ह्यांना लग्नाला न्यायची सोय नव्हती. अक्षता पडून पंगत बसली की शेजारी कोण आहे ते न बघता हे सुरू व्हायचे. "तुम्हाला ठाऊक आहे का, माणसं पूर्वी हवेतल्या जहाजातून जायची." शेजारचा बिचारा जिलेबी मोडता मोडता म्हणायचा, म्हणजे विमान ना? झालं. विमान म्हटलेलं ह्यांना खपायचं नाही.

"विमान वेगळं. विमानात माणसं कोंबतात. जहाजात माणूस राहायचा. झोपायला खोली, जेवायला टेबल, टेबलावर पांढरी चादर. एका जहाजात तर पियानो होता. आणि इतकं सावकाश चालायचं की खिडकी उघडून बसलं तर खालच्या गावातली कुत्री भुंकलेली ऐकू यायची."

मी आपली ताटातल्या वरणाकडे बघत बसायची. माझ्या माहेरची माणसं मला कोपरानं ढोसायची. नाव घ्यायचं झालं तर हिरामण, धंदा फुलांचा, आणि वेड हे असलं.

गंगापूरच्या अलीकडे आमचा मळा आहे. झेंडू आणि शेवंती. फुलं तोडायची, क्रेट भरायचे, टेम्पो नाशिकच्या फुलबाजारात लावायचा, यातच आमचा जन्म गेला. ओझरकडून लढाऊ विमान डोक्यावरून कडाडत गेलं की तोडणीच्या बाया वर बघतात. हे मान वर करायचे नाहीत. उलट बायांना सांगायचे, या बांधापासून त्या नाल्यापर्यंत जेवढं वावर आहे ना, तेवढं लांब एक जहाज असायचं, आणि पोटात हवेपेक्षा हलका गॅस. बाया माझ्याकडे बघून हसायच्या. मी म्हणायची, हसा, पण हात चालू ठेवा.

ह्याचं मूळ ह्यांच्या आजोबांत होतं, बहिरूबाबांत. तेव्हा कराची मुंबई इलाख्यात होती. बहिरूबाबा तरणेताठे असताना घरच्यांशी भांडून एका ठेकेदाराबरोबर तिकडे कामाला गेले. विलायतेहून येणाऱ्या हवाई जहाजासाठी सरकार तिथं शेड बांधत होतं, डोंगराएवढी. बाबा परत आले ते गोष्ट घेऊनच. एका पहाटे जहाज आलं. त्यातून दोर खाली सोडले. ते धरायला शेकडो गडी उभे होते, बाबा सगळ्यांत पुढं. तेवढ्यात वारा सुटला, बाकीच्यांनी हात सोडले, बाबांनी सोडला नाही. जहाजानं त्यांना आंब्याच्या झाडाएवढं वर उचललं आणि अलगद खाली ठेवलं. तळहातावरचे पांढरे वण दाखवून बाबा म्हणायचे, हा बघ दोराचा वळ.

हे लहानपणापासून बाबांच्या कुशीत झोपायचे. रोज रात्री जहाज यायचं, रोज बाबा वर जायचे. बाबा गेले तेव्हा ह्यांना मिसरूड फुटलं होतं, तरी हे लहान पोरासारखे रडले, असं सासूबाई सांगायच्या.

पुढे मोबाईल आला आणि माझ्या नशिबाचे भोग वाढले. जेवताना जहाज, मोटर सुरू करायला गेले तर तिथं जहाज. जर्मनीची जहाजं, इंग्लंडची जहाजं, त्यातल्या बायकांच्या टोप्या. इंग्रजी वाचता येत नाही, पण चित्रं पाहून सगळं पाठ. एक दिवस मी विचारलं, "तुमचं ते कराचीचं जहाज कुठंय यात?" तर म्हणाले, "आपल्या गड्यांचे फोटो गोरा कशाला काढील, छाया?" मलाही ते पटलं.

दर दसऱ्याला हे बांबूच्या कामट्यांचं जहाज बांधायचे, ट्रॉलीएवढं. वरून गच्च झेंडू. ट्रॅक्टरवर चढवून गावातून फिरवायचे. ऐन दसऱ्याला झेंडू सोन्याच्या मोलानं जातो आणि हे तो मिरवायला लावायचे. मी चिडचिड करायची. पण खरं सांगते, ते पिवळंधमक धूड वळणावरून निघालं की मलाही बघत राहावंसं वाटायचं. सगळा गाव रस्त्यावर यायचा. एकटे माझे सासरे, तात्या, बाहेर यायचे नाहीत. पाय दुखतात म्हणायचे आणि आतल्या खोलीत बसून राहायचे.

गेल्या दसऱ्याला सरपंचांनीच विषय काढला. गावाला नवीन कमान होणार होती. तिच्यावर लोखंडी जहाज बसवू, खाली बहिरूबाबांचं नाव टाकू, गावाची ओळख होईल. ह्यांना आकाश ठेंगणं झालं. तात्यांना सांगितलं तर तात्या म्हणाले, "एवढी काय घाई हाय, पुढच्या वर्षी बघू." मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याचा खिशातला हात काही निघत नाही.

थंडीत ही गोष्ट झाली. देवळाली कॅम्पातल्या एका सिंधी घरी आमची पूजेची फुलं जातात. त्या घरच्या दादी नव्वदीच्या पुढच्या, जन्म कराचीचा. बोलता बोलता त्यांनी ह्यांना सांगितलं की लहानपणी आमच्याकडे जहाजाची मोठी शेड होती. हे घरी आले ते चप्पल न काढताच. मला म्हणाले, उद्या चांगलं लुगडं नेस, बाबांची शेड डोळ्यांनी पाहिलेलं माणूस सापडलंय.

दुसऱ्या दिवशी शेवंतीची परडी आणि पेढे घेऊन आम्ही गेलो. ह्यांनी दादींच्या पायावर डोकं ठेवलं. आपल्या त्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "दादी, मेरे दादाने वहाँ रस्सा पकड़ा था."

"कौन सा रस्सा, बेटा?"

"जहाज का. जहाज आया तब."

दादींनी आपल्या सुनेकडे पाहिलं. मग ह्यांच्या पाठीवर हात ठेवून मायेनं म्हणाल्या, "जहाज तो आया ही नहीं, बेटा. रास्ते में ही जल गया. बाबूजी कहते थे, सारा शहर राह देखता रह गया. शेड खाली ही थी. हम बच्चे अंदर जाकर चिल्लाते थे, तो अपनी ही आवाज़ घूमकर वापस आती थी."

हे हसले. "अच्छा, अच्छा," म्हणाले. समोरचं बिस्कीट चहात बुडवलं, ते चहातच पडलं, तसाच चहा प्यायले. माझी मान वर होईना. नवऱ्याचं हसं झालेलं मी हजार वेळा पाहिलं होतं, पण त्या दिवशी कोणी हसलं नव्हतं, तरी मला तिथून पळून जावंसं वाटलं.

टेम्पोत मी म्हटलं, "म्हातारं माणूस, विसरल्या असतील." घरी येऊन ह्यांनी पुण्याला आमच्या मोहिनीला फोन लावला आणि तिला शोधायला लावलं. पोरीनं वाचून दाखवलं. जहाज विलायतेहून कराचीला निघालं होतं. फ्रान्समध्ये कोसळून जळालं, आतली बहुतेक माणसं गेली. कराचीला कुठलंच पोचलं नाही. मोहिनी पुढं वाचत होती, ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि मळ्यात निघून गेले.

मला वाटलं होतं, कटकट संपली तर बरं वाटेल. कसलं बरं आणि कसलं काय. एका लग्नात कोणी तरी मुद्दाम विचारलं, काय जहाजवाले, काय नवीन? तर हे ताटावरून उठून हात धुवायला गेले. सरपंचांचा फोन वाजला की मोबाईल पालथा ठेवायचे. मी म्हटलं, एकदा सांगून मोकळे व्हा. तर म्हणाले, "तात्यांच्या या वयात त्यांच्या बापाला मी खोटा ठरवू? ते खचतील गं. आणि मी गावभर तीस-चाळीस वर्षं जे मिरवत फिरलो, ते कुठल्या तोंडानं मागं घेऊ?" कमान झाली तर खोटं लोखंडात उभं राहणार, नाही म्हटलं तर तात्यांना कळणार. या पेचात माणूस दिवसेंदिवस वाळत चालला.

होळीच्या सुमाराला तात्या आजारी पडले. छातीत कफ, बोललं की दम लागायचा. एका दुपारी त्यांनी ह्यांना हाक मारली. मी चमच्यानं पाणी पाजत होते.

"हिरामण, बस इथं. ते जहाज..."

ह्यांचा चेहरा एकदम उतरला. तात्यांना पुढं बोलूच दिलं नाही. "कमान होणार, तात्या. जहाज बसवणार, बाबांचं नाव टाकणार. सगळं ठरलंय. तुम्ही बोलू नका, दम लागतो."

तात्यांनी हात वर केला. मीही म्हटलं, "होणार म्हणताहेत ना, तात्या. निवांत पडा तुम्ही." हात खाली आला. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, समाधान झालं. त्यानंतर तात्या फारसे बोललेच नाहीत आणि चार दिवसांनी गेले.

दशक्रिया गावच्या घाटावर, गोदावरीच्या काठी झाली. माणूस बरंच जमलं होतं. भाषणं झाली, त्यात जहाजही आलं. मग पिंड मांडला आणि सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघत उभे राहिले. कडुनिंबावर दोन-तीन कावळे बसलेले, पण एक खाली येईल तर शपथ. ऊन चढत गेलं. एवढी माणसं माना वर करून उभी, आणि वरून काही येत नाही. माझ्या मनात नको ते आलं, कराचीतही माणसं अशीच उभी राहिली असतील.

कावळा शिवेना म्हणजे मेलेल्याचं काही तरी राहिलंय. कोणी म्हणालं, नातीच्या लग्नाचं असेल. तसं कबूल केलं. कावळा येईना. सरपंच पुढे झाले, हात जोडून म्हणाले, "तात्या, कमानीवर जहाज बसवतो, शब्द देतो." कावळा हलला नाही. मग सगळ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. "हिरामण, तू बोल. पोराच्या तोंडून यायला पाहिजे."

हे पुढे झाले. डोकं भादरलेलं, अंगावर ओलं धोतर. हात जोडले, पण जीभ रेटेना. मी मनात म्हणत होते, बोला हो, दोन शब्द तर बोलायचे, कोण बघायला येतंय.

"जहाज बसवणार नाही, तात्या," हे म्हणाले. आवाज पार मागच्यांपर्यंत पोचला. "कराचीला जहाज आलंच नव्हतं. बाबा खोटं बोलले. मला थंडीतच कळलं होतं. तुम्हाला सांगायची माझी छाती झाली नाही, आणि मरताना खोटा शब्द दिला. मला माफ करा."

मागे कोणी तरी फिसकन हसलं आणि कोणी तरी त्याला दाबलं. मी पदर तोंडावर ओढला. सोयरेधायरे, व्याही, सगळा गाव तिथं होता. मला लाज वाटली ती आधी माझ्यापुरतीच, हेही सांगते.

तेवढ्यात बायकांतून नवसा आत्या उठल्या. तात्यांना सहादूदादा म्हणणारी त्यांची धाकटी बहीण, वणीला दिलेली. काठी टेकत ह्यांच्याजवळ गेल्या.

"त्याला काय सांगतो, बाबा? त्याला ठावं व्हतं."

ह्यांनी जोडलेले हात खाली घेतले.

"आमचा बा मरायच्या आधी मला आन् दादाला बोलला. शेडीवर पत्रे चढवले त्यानं, हात पत्र्यानं चिरले व्हते. जहाज आलं नाय. घरच्यांशी भांडून गेलेला माणूस, गावात येऊन काय सांगंल? रिकामी शेड बांधून आलो म्हणंल? लाज वाटली, आन् बोलून बसला. मंग तू रोज इचारायचा, आन् तो रोज सांगायचा." आत्यांना दम लागला. "सहादूदादा म्हणायचा, पोराला सांगून टाकतो. पण तुझं लय येड त्या जहाजाचं. दर दसऱ्याला तू ते फुलाचं काढायचा आन् हा घरात तोंड लपवून बसायचा. शेवटचा फोन आला तवा म्हणला, नवसे, आता कमानीवर चढवाया लागलेत. हिरामणला आजच बोलावतो आन् सांगतो. ते सांगायचं राहिलं असंल त्याचं."

मी पदर बाजूला केला. हे आत्यांकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. का ते मला लगेच कळलं. त्या दुपारी खोलीत आम्ही तिघंच होतो आणि पाण्याचा चमचा माझ्या हातात होता.

कावळा शेवटपर्यंत आला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, लोकांनी अंघोळी केल्या आणि माणसं जेवायला पांगली. हे घाटाच्या पायरीवरच बसून होते. मी कोरडा टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला आणि शेजारी बसले.

हे म्हणाले, "तात्यांनी हात वर केला होता ना गं?"

"हो," मी म्हटलं.

"आणि मी म्हणालो, बोलू नका."

मला म्हणता आलं असतं की मीही तेच म्हटलं. पण तेवढं बोलायलासुद्धा माझं तोंड उघडलं नाही.